नाना कोंडा लोपला

"आणि ते गाणं नको हां, कुसुम. आज तरी नको."

मैनाने हे सकाळपासून तिसऱ्यांदा सांगितलं. सांगताना ती धाकट्या बहिणीकडे बघत नव्हती. घुगऱ्यांच्या परातीवर ती ओलं खोबरं पसरत होती, आणि ते पसरून झालं तरी तिचा हात फिरतच होता.

"बरं," कुसुम म्हणाली.

"नुसतं बरं नको. अनिशच्या बारशालाही बरं म्हणाली होतीस."

"तो रडत होता गो ताई."

"सगळीच पोरं रडतात."

पंचावन्न वर्षांत तिने ताईला उलट बोलणं असं फारसं केलंच नव्हतं. लहानपणी वेण्या ताईने घातल्या, शाळेत ताईने नेऊन बसवलं, आणि मैना रत्नागिरीला शिक्षिका म्हणून लागल्यावर कुसुमला अलोऱ्याहून इथे आणली तीही तिनेच. विनोदचं स्थळसुद्धा ताईच्याच ओळखीतलं. मैना मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली त्याला पाच वर्षं झाली होती, पण तिच्यासमोर कुसुम अजून तिसरीतल्या मुलीसारखी उभी राहायची.

गाणं म्हणजे तरी काय, दोन ओळी. कुणी शिकवल्या ते कुसुमला ठाऊक नव्हतं. आठवायला लागल्यापासून त्या तिच्या जिभेवर होत्या.

नाना कोंडा लोपला
दीपा पटकोस ताडू

नाना म्हणजे आपले नाना, याबद्दल लहानपणी तिला शंका नव्हती. वडील काशीराम यांना सगळी अलोऱ्याची कॉलनी नानाच म्हणायची. कोयना प्रकल्पावर ते वायरमन होते, दिवस-दिवस बोगद्यात असायचे. त्यांनी कोंडा का लपवला, आणि ही दीपा कोण, ते मात्र तिला कधी उलगडलं नाही. घरात या ओळींची भरपूर टिंगल झाली होती. अनिश आठवीत असताना एकदा जेवताना म्हणाला होता, "दीपा म्हणजे नानांची पहिली बायको असणार." सगळे हसले. मैनामावशी तेवढी भरल्या ताटावरून उठून गेली होती.

अनिश आता एकतीस वर्षांचा होता आणि आज त्याच्या मुलीचं बारसं होतं.

त्याची बायको संस्कृती ओल्या केसांना पंचा गुंडाळून स्वयंपाकघराच्या दारात आली. "आई, मी स्पीकर आणून ठेवलाय. पाळणा त्यावरच लावू या. एका चांगल्या गायिकेने म्हटलेला मिळालाय, व्हिडिओतही नीट येईल."

"पाळणा आई म्हणेल," मागून अनिश म्हणाला. तो झेंडूच्या माळा हातात घेऊन उभा होता. "मला त्याच गाण्यावर झोपवलंय. अवनीलाही."

"मी आईंना नको म्हणत नाहीये. पण त्या गाण्याला अर्थच नाही रे. माझ्या मुलीच्या कानावर पडणारा पहिला पाळणा म्हणजे नुसता कोंडा?"

"अर्थ पाहिजे कशाला? तिला मराठी तरी कुठे कळतंय?"

"संस्कृतीचं बरोबर आहे," मैना म्हणाली.

अनिशने वळून मावशीकडे बघितलं. लग्नात मानपानावरून झालेल्या बोलाचालीपासून मावशी आणि संस्कृती यांचं एकदाही जमलं नव्हतं. दिवाळीच्या फराळाच्या डब्यावरूनसुद्धा त्या एकमेकींना टोमणे मारत. आणि आज मावशी संस्कृतीच्या बाजूने उभी होती.

"स्पीकरच लावा," मैना म्हणाली आणि तिने परात उचलली.

कुसुम ओट्याकडे वळली. काळ्या वाटाण्याचं सांबारं उकळत होतं. तिने ते उगाच ढवळलं.

*

हॉलमधल्या पाळण्याला अबोलीचे वळेसर बांधले होते. नाचणे रोडवरच्या त्यांच्या इमारतीतल्या दहा-बारा बायका सतरंजीवर बसल्या होत्या. वरवंट्याला कुंची घालून तो पाळण्याखालून इकडून तिकडे गेला, हसणं झालं. मग आत्या म्हणून अवनी वाकली आणि बाळाच्या कानात तिने नाव सांगितलं. पाठीवर थापट्या बसल्या तेव्हा ती ओरडली, "अगं हळू, मी काही पळून जात नाहीये!"

"सानवी," अनिशने मोठ्याने सांगितलं, आणि संस्कृतीने त्याच्या मोबाइलवरून स्पीकर लावला.

गायिकेचा आवाज खरंच गोड होता. संस्कृतीने मोबाइल उंच धरून चित्रण सुरू केलं. पहिलं कडवं संपतंय तोच अनिशच्या मोबाइलवर कुणाचातरी फोन आला आणि स्पीकर मुका झाला. अनिश धडपडत फोन कापायला गेला, पण एवढ्या माणसांच्या मध्ये एकदम पसरलेल्या शांततेने सानवी दचकली असावी. तिने असा काही टाहो फोडला की पुढच्या बायका अर्धवट उठल्या.

संस्कृती मोबाइल खाली ठेवायला वळली, तेवढ्यात तिच्या सासूबाई पाळण्याशी पोचल्या होत्या. त्यांनी दोरी धरली, मान खाली घातली आणि त्या गाऊ लागल्या.

संस्कृतीने त्यांना कधी गाताना ऐकलं नव्हतं. या घरात येऊन तीन वर्षं झाली होती, आरतीलासुद्धा त्या फक्त टाळ्या वाजवायच्या. आवाज बारीक होता, थोडा फुटका, पण सुरांना कुठेतरी खोल मुळं असावीत तसा ठाम. नाना कोंडा लोपला. सानवी रडतच होती. तिच्यावर गाण्याचा काही परिणाम झाला नाही. कुसुम मात्र तिसऱ्यांदा, चौथ्यांदा त्याच दोन ओळी म्हणत राहिली, जणू समोर रडणाऱ्या बाळाशी त्यांचा संबंधच नव्हता.

दारात काहीतरी पडलं.

खालच्या मजल्यावरची तेजस्वी उभी होती. बँकेत अधिकारी म्हणून बदली होऊन आलेली, दीड वर्षापासूनची भाडेकरू. एका पायात चप्पल, एक पाय उंबऱ्याच्या आत. हातातली भेटवस्तूची पिशवी खाली पडली होती आणि ती तिने उचलली नव्हती.

"आंटी," ती म्हणाली, "हे तुम्हाला कुठून मिळालं?"

कुसुम थांबली. "काय?"

"हे गाणं. हे तेलुगू आहे."

कुणीतरी हसलं. विनोद म्हणाला, "छे हो, ते आमच्या हिचं बडबडगाणं आहे. नाना म्हणजे हिचे वडील."

"हो," तेजस्वी म्हणाली. "नान्ना म्हणजे वडीलच."

ती आत आली. एक चप्पल अजून पायातच होती. "तुम्ही म्हणता ते थोडं झिजलंय. पण मला कळतंय. नान्ना कोंडा लोपल. कोंडा म्हणजे डोंगर. लोपल म्हणजे आत. दीपं पट्टुकोस्ताडु. दीपं, दिवा. पट्टुकोस्ताडु, घेऊन येतील." तिने मराठी वाक्य मनात नीट जुळवलं. "वडील डोंगराच्या आत आहेत. ते दिवा घेऊन येतील."

संस्कृतीच्या हातांवर काटा आला. तिने पटकन मुलीला उचलून छातीशी धरलं. सकाळी आपण म्हणालो, त्या गाण्याला अर्थ नाही.

"नाना डोंगरातच होते," विनोद हळू म्हणाला. त्याचा चेहरा एकदम भाबडा झाला होता. "बोगद्यात. दिवे लावायला. कुसुम, अगं, तुझे नाना..."

कुसुम पाळण्याची दोरी तशीच धरून उभी होती. "मला तेलुगू कसं येईल?" तिने विचारलं. कुणाला विचारलं ते तिलाही माहीत नव्हतं. "मी कधी... आमच्यात कुणीच..."

"पुढची ओळ काय आहे, आंटी?" तेजस्वीने विचारलं. "दोन ओळींचं नसतं गाणं. पुढे काय?"

"पुढे काही नाही. एवढंच आहे."

"आहे."

सगळ्यांनी वळून बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात मैना उभी होती. तिने भिंतीला हात टेकला होता.

"पुढे आहे," ती म्हणाली.

*

आपण बोललो हे मैनाला बोलून झाल्यावर कळलं.

विनोदने बायकांना पानावर बसवलं. तो अशा वेळी फार शहाणा होता. अनिश वाढायला गेला. आतल्या खोलीत पलंगावर कुसुम, तिच्याजवळ अवनी, भिंतीला टेकून बाळाला पाजणारी संस्कृती, आणि खाली चटईवर तेजस्वी, तिला जायला कुणी सांगितलं नाही म्हणून थांबलेली. मैनाला खुर्ची दिली होती. वर्गासमोर बसावं तशी ती बसली होती.

"तू तीन महिन्यांची होतीस," अखेर ती म्हणाली. "आईच्या छातीत क्षय निघाला. तिला मिरजेला दवाखान्यात ठेवली. चौदा महिने."

"मला हे कुणी सांगितलं नाही."

"आईने सांगू दिलं नाही. नानांची आई तेव्हा गेलेली. गावाहून यायला कुणी नव्हतं. मी आठ वर्षांची. तुला वरचं दूध पचेना, तू सुकत चाललेलीस. खालच्या नाल्याशी मजुरांच्या झोपड्या होत्या, आंध्राकडच्या, बोगदा खणायला आलेल्या लोकांच्या. तिथे एका बाईचं तान्हं पोर तापाने गेलं होतं. आठच दिवस झाले होते. नानांनी तिच्या नवऱ्याला विचारलं. दुसऱ्या दिवशी ती आली."

मैनाने डोळे मिटले.

"पैडम्मा तिचं नाव."

तेजस्वी ताठ बसली. "पैडम्मा? हे नाव आमच्याकडचं आहे. श्रीकाकुळम, विजयनगरम. तिकडे देवी आहे त्या नावाची. दुसरीकडे कुठे नाही ठेवत."

"नाकात दोन्ही बाजूंना चमक्या होत्या," मैना म्हणाली. आता तिला थांबता येत नव्हतं. "काळीभोर. हसली की आधी डोळे हसायचे. आणि विडी ओढायची, पण उलटी. पेटतं टोक तोंडात घालायची. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ओरडले होते, हिचं तोंड भाजेल म्हणून."

तेजस्वीने तोंडावर हात घेतला. हसत होती की रडत होती ते कळेना. "माझी पणजी, मावशी. माझी पणजी तशीच ओढायची. आमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायका सगळ्या."

संस्कृतीच्या मांडीवर सानवी झोपली होती.

"ती तुला पाजायची," मैना कुसुमला म्हणाली. "सकाळी यायची, दिवेलागणीला जायची. मी भात शिजवायची, धुणं धुवायची, आणि ती तुला घेऊन बसायची आणि हे म्हणायची. मला कधी कुणी मांडीवर घेतलं नाही त्या चौदा महिन्यांत. तेही सांगते. मला तिचा राग यायचा. आणि तरी मी तिच्या मागे-मागे फिरायची, तिच्या पदराला धरून."

"मग?"

"मग आई बरी होऊन आली. नानांनी तिला सामानाच्या ट्रकमधून उतरवली. किती वाळलेली. तिने दोन्ही हात पुढे केले आणि तू तोंड फिरवलंस. अम्मा अम्मा करून पैडम्माच्या गळ्याला मिठी मारलीस. आई काही बोलली नाही. संध्याकाळी तिने मला जवळ घेतलं, चौदा महिन्यांनी, आणि विचारलं, हिला अम्मा म्हणायला कुणी शिकवलं?"

बाहेरून पंगतीतल्या बायकांचा आवाज येत होता. कुणीतरी आणखी एक वडा घ्यायचा आग्रह करत होतं.

"मी म्हटलं, पैडम्माने. ती रोज गाण्यात शिकवते. अम्मा अम्मा म्हणायला लावते तिला. मी म्हटलं, ती कुसुमला नेणार आहे."

"असं ती म्हणाली होती?" अवनीने विचारलं.

"नाही. मी म्हटलं."

पंचावन्न वर्षं गिळलेला तो एवढासा शब्द बाहेर पडल्यावर मैनाला वाटलं होतं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

"दुसऱ्या दिवशी नानांनी तिला येऊ नको म्हणून सांगितलं. ती गेली नाही. समोर रस्त्याखालून नाला जातो त्या मोरीवर बसून राहिली. तीन दिवस. तू आत रडलीस की ती उठून उभी राहायची. तिची चोळी भिजलेली मी बघितली. मला तेव्हा कळलं नाही की पाऊस नाही तर ही भिजली कशी. आईने खिडकीवर चादर बांधली. चौथ्या दिवशी मोरीवर कुणी नव्हतं. त्यांची टोळी पुढच्या कामावर गेली म्हणे. कुठे गेली ते आम्ही कुणी विचारलं नाही."

मैनाला वाटलं, आता कुसुम ओरडेल. तिने ओरडावं असं तिला फार वाटलं.

तेजस्वीनेच हळू विचारलं, "मावशी, ती पुढची ओळ?"

"त्यातच आहे ते अम्मा."

"म्हणा ना."

"मला येत नाही गाता."

"मग नुसती सांगा."

मैनाने सांगायला तोंड उघडलं, पण ती ओळ सांगता येईना. ती चालीशिवाय येतच नव्हती. म्हणून ती तिला गाऊनच दाखवावी लागली.

अम्मा ऊरु पोयिंदि
मळ्ळी वस्तादि

तिच्या बोलण्यातला रत्नागिरीचा हेल, शाळेत घोटलेले स्वच्छ उच्चार, काही म्हणता काही त्यात उरलं नव्हतं. शब्दांची टोकं लांबत होती, 'ळ' जिभेच्या पार मागून येत होता. अवनी मावशीकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत राहिली. आठ वर्षांच्या मुलीच्या कानाने एका बाईचा आवाज जसाच्या तसा उचलून ठेवला होता, आणि तो बाहेर आला तेव्हा त्याच्यावर धूळसुद्धा बसलेली नव्हती.

तेजस्वीचे डोळे भरून वाहत होते.

"काय गो?" मैना घाबरली. "काय आहे त्यात? वाईट आहे का?"

"अम्मा म्हणजे आई," तेजस्वी म्हणाली. "अम्मा ऊरु पोयिंदि. आई गावाला गेली आहे. मळ्ळी वस्तादि." तिने डोळे पुसले. "ती परत येईल."

"पुन्हा सांग," मैना म्हणाली.

"आई गावाला गेली आहे. ती परत येईल."

"कुठली आई?"

"मावशी, स्वतःच्या बाळाला असं कोण म्हणेल? आई मांडीवर घेऊन बसलेली असताना आई गावाला गेली म्हणून? पहिल्या दोन ओळी तिच्या असतील, तिच्या बाळासाठी. त्याचेही वडील डोंगरात असणार. पण ही ओळ तिने तुमच्या बहिणीसाठी जोडली." तेजस्वी थांबली, मग अगदी हळू म्हणाली, "ती स्वतःला अम्मा म्हणवून घेत नव्हती. तुमच्या आईबद्दल सांगत होती. रोज."

मैनाने खुर्चीचे हात धरले. तिला मोरी दिसली. तीन दिवस ऊन लागलेली, दगडी मोरी. आठ वर्षांच्या आपण खिडकीच्या चादरीच्या फटीतून बघत होतो, आणि बाई आपल्याला बघून हसली होती. आधी डोळे हसले होते. हे आपण आजही सांगितलं नाही.

*

अवनी पाणी आणायला उठली. संस्कृती पलंगावरून उतरली, झोपलेल्या मुलीला खांद्यावर घेऊन मैनाच्या खुर्चीशी आली आणि खाली बसून तिने आपला मोकळा हात म्हाताऱ्या गुडघ्यावर ठेवला. दोघींपैकी कुणीच एकमेकींकडे बघितलं नाही.

कुसुमला मात्र दुसरंच काही दिसत होतं. अलोऱ्याच्या क्वार्टरची पडवी. ती पाच-सहा वर्षांची, सागरगोटे खेळत गुणगुणतेय. आई तांदूळ निवडतेय. सूप खाली ठेवून आई उठते आणि आत जाते. दर वेळी.

"मी गुणगुणले की आई उठून जायची," ती म्हणाली.

मैनाने मान वर केली नाही.

"मला वाटायचं, माझा आवाज वाईट आहे. शाळेत प्रार्थनेला मी नुसते ओठ हलवायची, ताई. बाई म्हणायच्या, कुसुमचा आवाज येत नाही. लग्नात नाव घ्यायलासुद्धा मी लाजले ती त्यामुळे. तुला माहीत होतं."

"होतं."

"आई शेवटी दवाखान्यात होती तेव्हा मी तिचे पाय चेपत होते. नकळत तोंडात आलं. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी गप्प झाले. तेव्हाही तू तिथे होतीस."

"होते."

"तेव्हा तरी सांगायचंस. तिला सांगायचंस, गाण्यात काय आहे ते शोधू या."

"मला काय माहीत गो काय आहे ते!" मैनाचा आवाज फाटला. "मलाही अम्माच ऐकू यायचं. मी स्वतःला सांगत आले की ती अम्मा म्हणायला शिकवते, एवढं तरी मी खरंच बोलले. सगळंच खोटं नव्हे, एवढाच आधार होता मला. आज तोही गेला."

कुसुम उठली. अवनीला वाटलं, आई खोलीबाहेर जाणार. पण ती खुर्चीपुढे येऊन उभी राहिली आणि तिने मैनाच्या कपाळावरचे पांढरे केस मागे सारले. ताईने आयुष्यभर तिचे सारले होते तसे.

"आठ वर्षांची होतीस," ती म्हणाली. "तुला कुणी मांडीवर घेत नव्हतं."

मग मैना रडली. निवृत्त मुख्याध्यापिका, जिला नवरा गेला तेव्हाही कुणी मोठ्याने रडताना बघितलं नव्हतं, ती बहिणीच्या पोटाशी डोकं टेकून रडली, आणि बाहेर पंगत क्षणभर गप्प झाली. विनोदचा आवाज आला, "वाढ रे अनिश, आमरस वाढ." पंगत पुन्हा सुरू झाली.

बऱ्याच वेळाने कुसुम म्हणाली, "सगळं म्हण, ताई. पहिल्यापासून. चारही ओळी."

"आता?"

"मी कधी सगळं ऐकलं नाही. ऐकलं असेल, पण ते मला माहीत नाही."

मैनाने नाक पुसलं आणि अवनीने पुढे केलेलं पाण्याचं फुलपात्र हातात घेतलं. तेजस्वीने चटईवर मांडी घातली आणि हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवले. मैना गाऊ लागली. वडील डोंगराच्या आत आहेत. दिवा घेऊन येतील. आई गावाला गेली आहे. परत येईल. अर्थ कळल्यावर शब्द लहान वाटतील असं संस्कृतीला वाटलं होतं, पण तसं झालं नाही. कोण कुठली बाई, जिचं स्वतःचं बाळ आठ दिवसांपूर्वी गेलं होतं, दुसरीच्या बाळाला सांगत होती की तुझी माणसं येतील. आणि त्या बाळाने न कळताही ते पंचावन्न वर्षं धरून ठेवलं होतं, आणखी दोन बाळांना सांगितलं होतं, आज तिसऱ्याला.

कुसुमने डोळे मिटले होते. तिसऱ्या ओळीला तिची मान किंचित कलली, कुणाच्या तरी खांद्यावर टेकावी तशी.

गाणं संपलं.

"ताई," कुसुमने डोळे न उघडता विचारलं, "तिथे गार वारा यायचा का?"

"कुठे?"

"मला माहीत नाही. मोठं काळं आहे काहीतरी. दारासारखं, पण दार नाही. त्याच्यातून गार वारा येतो. ओल्या दगडाचा वास. आणि तंबाखूचा. मी उंचावर आहे, कुणाच्या तरी कडेवर. आणि आत, फार आत, एक दिवा हलतोय."

मैनाच्या हातातलं फुलपात्र तिरकं झालं. पाणी तिच्या साडीवर सांडलं. तिने ते पुसलं नाही.

"मी हे तुला कधी सांगितलं नाही," ती म्हणाली.

"काय?"

"नाना सुटायच्या वेळी ती तुला बोगद्याच्या तोंडाशी घेऊन जायची. रोज. मी तिचा पदर धरून. ती हे म्हणायची, आणि आपण आत बघत उभं राहायचो. आधी काहीच दिसायचं नाही." तिने श्वास घेतला. "मग नानांचा दिवा दिसायचा."

"लहान दिसतो आधी," कुसुम म्हणाली.

"हो."

"मग मोठा होतो."

"हो गो," मैना म्हणाली. "मग मोठा होतो."

कुसुमने डोळे उघडले नाहीत. तिच्या मिटल्या पापण्यांच्या आत कोणी तरी चालत येत होतं, आणि खोलीतल्या कुणालाही तिला हाक मारून परत आणावंसं वाटलं नाही.